यादीतलं घड्याळ



लग्नाच्या वाढदिवसाला ‘ह्यांना’ काय द्यायचं, हा प्रश्न आजकाल मला बऱ्याच जणी विचारतात. भाचीने विचारला, सुनेच्या मैत्रिणीने विचारला, माझ्या वयाच्या बायकाही विचारतात. बायकोला द्यायच्या वस्तूंनी दुकानं भरलेली असतात. नवऱ्यासाठी म्हटलं की शर्ट, पाकीट आणि अत्तर, इथे गाडी थांबते. त्यातलं पाकीट बहुतेक चामड्याचं, म्हणून आपल्याकडे तेही बाद.

आपल्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांकडे या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर होतं, मनगटी घड्याळ. जुन्या लग्नांचे फोटो काढून बघा. नवरदेव डावा हात मुद्दाम पुढे घेऊन उभा असतो, घड्याळ दिसावं म्हणून. पण ते घड्याळ त्याला कुणी दिलं, कुणाच्या पैशाने दिलं आणि मनापासून दिलं का, हे त्या फोटोत दिसत नाही. आज त्याचाच इतिहास सांगते.

सुरुवात जरा लांबून करू. घरात घड्याळ यायच्या कितीतरी आधीपासून आपण वेळ मोजत होतो. तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी आत शिरून वाटी बुडाली की एक घटका भरली. घटका म्हणजे २४ मिनिटं. दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. दिवस-रात्र मिळून असे ३० मुहूर्त. गुणाकार करून बघा, बरोबर १४४० मिनिटं येतात. सामायिक कमीत कमी दोन घटका करायचं, असं आपण म्हणतो ते याच मापाने. घडी, घडीभर, घड्याळ हे सगळे शब्द त्या घटिकेच्याच घरातले. जुन्या लग्नांत उपाध्ये घटिकापात्र पाण्यात सोडून मुहूर्ताची वाट बघत. म्हणजे वेळ मोजायचं साधन लग्नात तेव्हाही होतं, पण ते सगळ्या मांडवाचं होतं. ते नवरदेवाला द्यावं असं कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं.

आता मनगटी घड्याळाची एक गंमत ऐका. ते मुळात बायकांचं होतं. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला रॉबर्ट डडली या सरदाराने हातातल्या कड्यात बसवलेलं घड्याळ भेट दिलं होतं. १८१० मध्ये नेपल्सच्या राणीने, म्हणजे नेपोलियनच्या बहिणीने, पॅरिसच्या ब्रेगे या कारागिराकडून मनगटावर बांधायचं घड्याळ करवून घेतलं. पुरुष मात्र साखळीचं घड्याळ खिशात ठेवत. मनगटावर घड्याळ बांधणं म्हणजे बांगडी घालण्यासारखं, असं त्यांना वाटे.

ही लाज मोडली ती गरजेने. १९०४ मध्ये सांतोस-द्युमाँ या विमान उडवणाऱ्या माणसाने पॅरिसच्या कार्तिएला सांगितलं, की दोन्ही हात विमान चालवण्यात गुंतलेले असतात, खिशातलं घड्याळ काढायचं कसं? म्हणून त्याच्यासाठी मनगटावरचं घड्याळ तयार झालं. पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांनाही तीच अडचण आली. तोफा कधी थांबणार आणि आपण कधी पुढे जायचं, हे मिनिटाच्या हिशेबाने ठरलेलं असे. हातात बंदूक, मग खिसा चाचपणार कोण? युद्धावरून परत आलेल्या जवानांच्या मनगटावर घड्याळ दिसल्यावर त्याला बांगडी कोण म्हणणार? त्यानंतर वीसेक वर्षांत खिशातलं घड्याळ मागे पडलं आणि बायकांचा दागिना पुरुषांचा झाला.

आपल्या देशात घड्याळं परदेशातून येत. फेवर-ल्युबा ही स्वित्झर्लंडची कंपनी १८६५ पासून मुंबईत होती. पुढे वेस्ट एंड कंपनीची घड्याळंही घरोघर माहीत झाली. घरोघर माहीत झाली म्हणजे घरोघर होती असं नाही! गावात घड्याळ असे ते पाटलांकडे, मास्तरांकडे, स्टेशनमास्तरांकडे. ज्याच्या मनगटावर घड्याळ तो शिकलेला, नोकरीचा, वजनदार माणूस. वस्तूला असं वजन आलं की ती लग्नाच्या यादीत जाते, आणि घड्याळही गेलं.

‘याद्या’ म्हणजे काय, हे आमच्या वयाच्या बायकांना सांगायला नको. नव्या मुलींसाठी सांगते. लग्न ठरलं की दोन्हीकडची चार-चार माणसं बसायची. कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं आणि कुणी काय द्यायचं ते लिहून काढायचं. मुलीकडच्यांनी सोनं किती, पोशाख कुणाकुणाला, भांडी कोणती. मग मुलाचं सुरू व्हायचं. सूट, बूट, अंगठी, सायकल आणि घड्याळ. खाली दोन्हीकडच्यांच्या सह्या.

आता १९६१ या वर्षाकडे या. त्या वर्षी आपल्या देशात दोन गोष्टी झाल्या. बंगळूरच्या एचएमटी या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. आणि त्याच वर्षी १ जुलैपासून हुंडाबंदीचा कायदा लागू झाला. एकाच वर्षी घड्याळ आवाक्यात यायला लागलं आणि ते मागणं गुन्हा ठरायला लागलं.

पण त्या कायद्याला एक मोठं भोक होतं. लग्नात भेट म्हणून दिलेले पैसे, दागिने, कपडे आणि इतर वस्तू, त्या लग्नाच्या अटीपोटी दिल्याचं सिद्ध होत नसेल तर, हुंडा धरायच्या नाहीत असं त्यात स्पष्टीकरण होतं. अट होती हे सिद्ध करणार कोण? मुलीचा बाप? त्यामुळे यादीतल्या घड्याळाला ‘भेट’ हे नाव मिळालं आणि कागद तसाच चालू राहिला. हे स्पष्टीकरण काढलं गेलं १९८४ च्या दुरुस्तीत. १९८५ च्या नियमांनी तर खरीच यादी करायला सांगितली. लग्नात आलेल्या प्रत्येक भेटीचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं आणि वधूवरांनी सह्या करायच्या. मी कॉमर्सची पदवीधर, मला हा नियम फार आवडला. नोंद नीट असली की लबाडीला जागा कमी उरते. आपल्या माहितीतल्या किती लग्नांत अशी यादी झाली, ते मात्र तुम्हीच आठवून बघा.

एचएमटीच्या घड्याळाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्या सगळ्यांच्या आठवणी त्याच्याशी बांधलेल्या आहेत. जनता, पायलट, सोना, कोहिनूर अशी नावं असत. ‘देश की धडकन’ ही त्यांची ओळख. जनता हे चावीचं घड्याळ. रोज ठरावीक वेळी चावी द्यायची, आतली स्प्रिंग घट्ट होते आणि ती हळूहळू सुटत काटे फिरवते. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असे. माझी आजी समजायची की आत सतरा माणकं आहेत म्हणूनच ते एवढं महाग! ती खरं तर कारखान्यात तयार केलेल्या माणकांची बारीक चकत्यांसारखी बसकी असतात. फिरणाऱ्या चाकांचे आस त्यांच्यात टेकलेले असतात, म्हणजे घासून झिजत नाहीत. परकीय चलन वाचवायला सरकारने बाहेरच्या घड्याळांवर बंधनं घातली होती आणि इथलं उत्पादन मागणीला पुरत नव्हतं. त्यामुळे एचएमटीसाठी नंबर लावावा लागे, ओळख काढावी लागे.

माझ्या आत्याचं लग्न १९६७ चं. यादीत घड्याळ होतं. आजोबांची शेती थोडी, त्या वर्षी पाऊसही बेताचा. सोनं झालं, पोशाख झाले, घड्याळ राहिलं. मुलाकडून दोन वेळा निरोप आला, ‘तेवढं घड्याळाचं बघा.’ आवाज चढवला नाही, भांडण केलं नाही, अगदी सभ्य माणसांचा सभ्य निरोप. आजोबांनी दुभती म्हैस विकली आणि घड्याळ आणलं.

मामा, म्हणजे आत्याचे यजमान, माणूस चांगला होता. त्यांनी स्वतः कधी काही मागितलं नव्हतं, मागणारी वडीलधारी मंडळी. ते घड्याळ त्यांनी फार जपून वापरलं. रोज सकाळी आत्याच ते कोनाड्यातून काढून त्यांच्या हातात देई. तेव्हाच्या बायका नवऱ्याचं नावही घेत नसत. प्रेम म्हणून जे काही होतं ते अशा देण्याघेण्यातच. हातरुमाल द्यायचा, टोपी द्यायची, घड्याळ द्यायचं. पण आत्या एकदा माझ्या आईला म्हणाली होती, “वहिनी, ह्यांच्या हातात घड्याळ दिसत नाही मला. आमची म्हैस दिसते.”

आपल्या धर्मात चोरीची व्याख्या किती बारीक केली आहे बघा. दुसऱ्याच्या घरात शिरून उचललं तरच चोरी, असं नाही. जे दिलेलं नाही ते घेणं म्हणजे चोरी, असं तत्त्वार्थसूत्र सांगतं. अदत्तादान हा शब्द आपण प्रतिक्रमणात किती वेळा म्हणतो! मग निरोप पाठवून मिळवलेलं घड्याळ दत्त की अदत्त? आजोबांनी ते स्वतःच्या हाताने दिलं हे खरं, पण ते देणं मनाचं नव्हतं, भीतीचं होतं. मुलीचं लग्न मोडेल ही भीती. दान आणि वसुली या दोन्हींत वस्तू या हातातून त्या हातात जाते. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. तो देणाऱ्याला कळतो, आणि ज्या मुलीसाठी दिलं जातं तिला जन्मभर कळतो.

कायद्याचं आणखी एक कलम आत्याला कधी कुणी सांगितलं नसणार. लग्नातला हुंडा दुसऱ्या कुणी घेतला असेल तर तो त्या मुलीच्या स्वाधीन करायचा, असं हुंडाबंदी कायद्याचं सहावं कलम आहे. म्हणजे ते घड्याळ मामांच्या मनगटावर असलं तरी कायद्याने आत्याचंच होतं.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. ऐंशीच्या दशकात आत्याने दोन म्हशी घेतल्या आणि गावच्या दूध संस्थेत दूध घालायला लागली. दर दहा दिवसांनी बिल तिच्या नावाने येई. संसाराला देऊन उरेल ते ती वेगळं ठेवी. दीड-दोन वर्षांनी तिने एक घड्याळ आणलं. मामांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “हे माझं. ते अण्णांचं.” जुनं घड्याळ एका स्वच्छ रुमालात बांधून तिने माहेरी परत आणून दिलं. मामा एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून कोनाड्यातून घड्याळ काढायला त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. स्वतः काढायचे, चावी द्यायचे, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, “मंडळींनी घेतलंय.”

बायकोने नवऱ्याला दिलेली भेट कधी सुरू झाली, याचं माझ्या मते खरं उत्तर हेच आहे. तिच्या हातात स्वतःचा पैसा आला तेव्हा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या नावावरची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली. तो कायदा आपल्या जैन कुटुंबांनाही लागू आहे. पण कागदावरचा हक्क आणि हातातला पैसा यांत बरीच वर्षं जातात. भिशी, शिलाई, पापड, दूध, शिकवणी आणि नोकरी, या वाटांनी तो पैसा हळूहळू आला. नवऱ्याने घरखर्चाला दिलेल्या पैशातून वाचवून त्यालाच शर्ट आणणं यातही प्रेम असतं, मी नाही म्हणत नाही. पण जमाखर्चाच्या वहीत ते एका खान्यातून दुसऱ्या खान्यात गेलेले पैसे. स्वतःच्या कमाईतून आणलेली वस्तू ही खरी नवी नोंद.

बाजारालाही हे बरोबर कळलं. टाटा आणि तमिळनाडू सरकारचं महामंडळ यांनी १९८४ मध्ये टायटन कंपनी काढली, होसूरला कारखाना घातला आणि १९८७ पासून त्यांची घड्याळं दुकानात आली. ती क्वार्ट्झची. आत एक बारीक स्फटिक असतो, बॅटरीच्या जोरावर तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. चावी नको, मागे-पुढे होणं नाही. आणि जाहिराती बघा, सगळ्या भेट देण्याच्या. संगीत ऐकू येतं, कुणीतरी कुणालातरी डबी देतं, उघडल्यावर चेहरा खुलतो. वेळ बघायचं यंत्र विकण्यापेक्षा द्यायची वस्तू विकणं त्यांनी पसंत केलं.

माझं लग्न १९८४ चं. याद्यांच्या आदल्या रात्री आत्या मुद्दाम आली आणि माझ्या वडिलांना म्हणाली, “दादा, काय द्यायचं ते दे. कागदावर घड्याळ लिहायचं नाही.” लिहिलं नाही. सासरच्यांनीही विषय काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा. ‘हे’ आपल्या पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ वापरत होते. सात वर्षांनी, घरी अकरावी-बारावीच्या मुलांच्या अकाउंट्सच्या शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशातून मी ह्यांना एक क्वार्ट्झचं घड्याळ घेतलं. दुकानदार चामड्याचे पट्टे दाखवत होता. मी म्हटलं, स्टीलची चेनच हवी, म्हणजे मंदिरात जाताना काढून ठेवायला नको. आकडे मोठे, तबकडी पांढरी, तारखेची खिडकी हवी, कारण बँकेत दिवसभर तारीख लिहावी लागायची. एवढं सगळं बघून घेतलं आणि घरी आल्यावर ऐकायला काय मिळालं? “अगं, जुनं चालतंय की!” पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीन जणांना दाखवलं होतं, हे मला त्यांच्या सहकाऱ्याच्या बायकोकडून कळलं.

ओ. हेन्री या अमेरिकन लेखकाची १९०५ मधली एक प्रसिद्ध कथा आपल्यापैकी अनेकींनी शाळेत वाचली असेल. बायकोजवळ १ डॉलर ८७ सेंट असतात. ती आपले लांब केस २० डॉलरला विकते आणि नवऱ्याच्या खिशातल्या घड्याळासाठी २१ डॉलरची साखळी आणते. उरतात ८७ सेंट, हिशेब चोख. इकडे नवऱ्याने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात. दोन्ही वस्तू निरुपयोगी, तरी वाचणाऱ्याला वाईट वाटत नाही. का? कारण दोघांनीही स्वतःचं विकलं. तिच्या बापाची म्हैस कुणी विकली नाही.

आता काळ पुन्हा बदललाय. एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. वेळ बघायला सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे. मग नवऱ्याला द्यायचं काय? घड्याळच द्या असं मी म्हणणार नाही. वस्तू कोणतीही असो, या इतिहासातून मी काढलेल्या चार कसोट्या सांगते. ती आपल्या कष्टाच्या किंवा आपल्या हक्काच्या पैशातली असावी, रक्कम लहान असली तरी चालेल. त्यांनी मागितलेली नसावी, आपण बघून ओळखलेली असावी. चष्म्याची दांडी सैल झाली असेल, स्वाध्यायाच्या वेळी वाकून वाचावं लागत असेल, तर हलकी फ्रेम किंवा लाकडी पुस्तकठाण यापरती भेट नाही. तिच्यात कुणा जिवाचं चामडं, रेशीम, शिंपला नसावा. आणि परिग्रह वाढवणारी नसावी. कपाटात तीन घड्याळं असतील तर चौथं आणू नका, बंद पडलेलं दुरुस्त करून द्या. चावीची घड्याळं दुरुस्त करणारे कारागीर अजून जुन्या पेठांतून बसतात.

आणि शेवटचं, ज्यांच्या घरी मुलगे लग्नाचे आहेत त्यांच्यासाठी. आपल्या समाजात आता हुंडा मागत नाहीत, असं आपण अभिमानाने सांगतो आणि बऱ्याच घरांत ते खरंही आहे. पण बैठकीत एक वाक्य अजून ऐकू येतं, ‘आम्हाला काही नको, मुलाला एक चांगलं घड्याळ तेवढं घाला.’ आता ते घड्याळ पूर्वीपेक्षा कितीतरी महाग असतं आणि कंपनीचं नावही सुचवलं जातं. बोलणारी बहुतेक वेळा आपल्यासारखीच एखादी बाई असते. आपल्या घरच्या बैठकीत ते वाक्य येऊ देऊ नका. दुसऱ्या कुणी काढलं तर तिथेच थांबवा. घरात येणारी सून मिळवती आहे. वर्ष-दोन वर्षांत तिला आपल्या नवऱ्याची आवड कळेल आणि तिला वाटलं तर तीच घेईल. त्या दिवशी मुलाचा चेहरा बघा.